बारा काड्यांचा खटला

दर्शना गोताडनं त्या बारा काड्या भरदुपारी कापल्या. कापण्याआधी तिनं बागेच्या राखणदाराला हाक मारली, "बाबल, बांधावरच्या झाडाच्या काड्या घेतेय रे मी!" बाबलनं हात वर केला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. तिनं पेन्सिलीएवढ्या जाडीच्या बारा काड्या निवडल्या, पानं छाटली, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि बागेच्या मोठ्या फाटकातून, रोजच्या वाटेनं घरी आणल्या. चार दिवसांनी पोलीस तिला न्यायला आले, तोवर त्या काड्या कोंडशेत गावातल्या बारा परसांत, बारा रोपांवर बांधून झाल्या होत्या.

कलमं बांधणं हा तिचा धंदाच होता. विसाव्या वर्षी लग्न होऊन ती राजापूर तालुक्यातल्या या गावात आली आणि दुसऱ्याच महिन्यात खानविलकरांच्या रोपवाटिकेत कामाला लागली. त्याला सत्तावीस वर्षं झाली. दिवसाला दीडशे कलमं ती बांधायची आणि त्यातली एकशेचाळीस तरी जगायची. तिचा नवरा संतोष खानविलकरांचाच टेम्पो चालवायचा. दोघं राहायची ते दोन खोल्यांचं घर त्यांनी स्वतः चिरे वाहून बांधलं होतं, पण जमीन खानविलकरांची होती.

अकरा वर्षांपूर्वी खताच्या खड्ड्याच्या कडेला एक बाठा आपोआप रुजला. कुठल्या आंब्याचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हेमंत खानविलकर तेव्हा नुकताच कारभार बघायला लागला होता. तो म्हणाला, "उपटून टाक." दर्शनाला त्या रोपाच्या पानांचा रंग आवडला होता. ती घुटमळली. तेवढ्यात हेमंतचे वडील, अप्पा, काठी टेकत तिथे आले आणि म्हणाले, "राहू दे रे. दर्शना, तुला हवंय ना? लाव बांधावर. तुझं झाड." तिनं ते लावलं. उन्हाळ्यात पंपघरापासून कळशीनं पाणी नेऊन घातलं. वादळात शेंडा मोडला तेव्हा चिखल-शेणाचा लेप देऊन तो वाचवला. अप्पा चार वर्षांनी वारले. झाड वाढत राहिलं.

मग थंडी पडायची थांबली.

आंब्याचं गणित साधं असतं. रात्रीचा पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरला की जुन्या पानांत एक संदेशद्रव्य तयार होतं, ते शेंड्याकडे जातं आणि शेंडा पालवी सोडून मोहोर धरतो. गेली सहा वर्षं कोकणातल्या रात्री बावीस अंशांच्या खाली येतच नव्हत्या. पानांपर्यंत थंडीचा निरोपच पोचत नव्हता. हापूसची झाडं जानेवारीत हिरवीगार, पालवीनं लखलखलेली आणि वांझ उभी राहायची. बांधावरचं ते एक झाड मात्र गरम रात्रीतही मोहरलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोहरलं. विद्यापीठातून आलेल्या माणसांनी पानं नेऊन तपासली आणि सांगितलं, हे झाड थंडीची वाटच बघत नाही. त्याच्या पानांत ते द्रव्य दिवस लहान झाल्याच्या खुणेवरच तयार होतं.

महिन्याभरात झाडाभोवती तारेचं कुंपण आलं. त्याला छोटं फाटक होतं, आणि खतपाणी घालायला म्हणून त्याची किल्ली दर्शनाकडेच राहिली. हेमंतनं नव्या जातीच्या नोंदणीसाठी स्वतःच्या नावानं अर्ज केला आणि एका बियाणे कंपनीशी करार केला, की या झाडाची काडी दुसऱ्या कुणालाही मिळणार नाही.

दर्शनानं ते ऐकलं, आणि श्रावणात पावसानं उघडीप दिली त्या दुपारी कात्री घेऊन निघाली.

*

पोलीस ठाण्यात तिची भेट वकील समीरा परकारशी झाली. समीरा पस्तिशीची होती. विधी सेवा केंद्राकडून गरिबांचे खटले चालवायची.

"मॅडम, बारा काड्यांसाठी एवढं?" दर्शनानं विचारलं.

"ताई, झाड जमिनीत उभं आहे तोवर कायद्याच्या दृष्टीनं ते चोरताच येत नाही. पण काडी कापली, त्या क्षणी ती जंगम वस्तू झाली. म्हणजे चोरी होऊ शकते." समीरानं कागद पुढे ओढला. "तुम्ही आंब्यातल्या आहात, आंब्यातच सांगते. दुसऱ्याच्या ताब्यातला आंबा त्याला न विचारता, लबाडीनं नेला, तर चोरी. रस्त्यावर पडलेला सापडला, मालक माहीत असून गुपचूप ठेवून घेतला, तर अपहार. पेटी पोचवायला तुमच्या हवाली केली आणि तुम्ही मधेच विकली, तर विश्वासघात. 'पेटी दे, नाहीतर बाग जाळीन' म्हटलं, तर खंडणी. कोयता दाखवून तिथल्या तिथे हिसकावली, तर जबरी चोरी. तेच पाच जणांनी मिळून केलं, तर दरोडा. आंबा तोच, पण तो कुणाच्या हातात होता, तुमच्या हातात कसा आला आणि तेव्हा तुमच्या मनात काय होतं, यावर शिक्षा ठरते."

"मग माझं काय लावलंय?"

"आधी विश्वासघात लावला होता, किल्ली तुमच्याकडे होती म्हणून. आता बदललंय. नोकरानं मालकाची केलेली चोरी. साध्या चोरीला तीन वर्षं, याला सात."

दर्शना म्हणाली, "पण मी लबाडीनं नाही ना घेतल्या."

"तेच सिद्ध करायचंय. स्वतःची समजून, मनापासून हक्क आहे म्हणून एखादी वस्तू घेतली, तर ती चोरी होत नाही. चूक ठरली तरी चोरी नाही. पण मनात काय होतं ते दाखवायचं कसं? म्हणून तर ती टोपी आणलीय त्यांनी."

टोपी म्हणजे स्वत्वमापक. तीन वर्षांपूर्वी राज्यात चोरीच्या खटल्यांसाठी त्याला परवानगी मिळाली होती. त्यामागचं विज्ञान जुनंच होतं. एखादी वस्तू डोळ्यांसमोर आली की सेकंदाच्या साधारण तिसऱ्या दशांशाला मेंदूत विजेची एक लहर उठते. वस्तू आपली असेल तर ती लहर उंच जाते. स्वतःची चप्पल शंभर चपलांत ओळखू येते ती त्यामुळेच. विचार करून ती वाढवता येत नाही की दाबता येत नाही, कारण विचार पोचायच्या आत ती येऊन गेलेली असते. टोपीतल्या चौसष्ट तारा ही लहर टिपायच्या. आधी माणसाला त्याचं स्वतःचं नाव आणि चेहरा दाखवायचा, त्यावरून त्याची स्वतःची पट्टी ठरायची, आणि मग वस्तूंचे फोटो. प्रत्येकापुढे दोनपैकी एक शब्द उमटायचा: स्वकीय किंवा परकीय.

सक्ती नव्हती. आरोपीनं लेखी संमती दिली तरच टोपी घालायची. समीरानं तिला सांगितलं, "विचार करा. नाही म्हणायचा तुम्हाला हक्क आहे."

"खरं आहे ते सांगायला कसली भीती?" दर्शना म्हणाली, आणि तिनं सही केली.

*

ती जामिनावर सुटली, मग चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. थंडगार खोलीत बसवून तिच्या केसांत ओलसर जेल चोपडलं, टोपी बसवली आणि पाऊण तास तिच्यासमोर फोटो लुकलुकत राहिले. पातेली, दारं, गाड्या, बागा. मधूनच बांधावरचं झाड, मधूनच गोणपाटातल्या काड्या. तिला वाटलं, सोपं आहे.

आठवड्यानं अहवाल आला. झाड परकीय. काड्याही परकीय.

दर्शनानं तो कागद दोनदा वाचला. "हे चुकलंय," ती म्हणाली.

समीरा अहवालाच्या मागची सगळी पानं मागवून घेऊन बसली होती. त्यात दाखवलेल्या प्रत्येक फोटोची लहर होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ताई, हे घर कुणाचं?"

"आमचंच की. संतोषनं चिरे लावले, मी गिलावा केला."

"परकीय आलंय. ही शिवणयंत्राची खुर्ची?"

"माझी."

"परकीय. ही पाटल्यांची जोडी?"

"माझ्या आईनं दिलेली. तीपण?"

"तीपण. तुमच्या यादीत फक्त तुमचं नाव आणि तुमचा चेहरा वर गेलाय. बाकी काहीच नाही."

दर्शना खिडकीशी जाऊन उभी राहिली. लग्नात सासरच्यांनी पाटल्या ठेवून घेतल्या होत्या आणि सणासुदीला मोजून द्यायचे. घराचं छप्पर शाकारायचं तरी आधी हेमंतदादांना विचारावं लागायचं. आंबा खाली पडला तरी उचलण्याआधी इकडेतिकडे बघायची सवय. सत्तेचाळीस वर्षांची सवय तारांना तीनशे सहस्रांश सेकंदांत दिसली होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं, आणि तेच तिला सहन होईना.

*

त्या संध्याकाळी संतोष लवकर घरी आला. त्यानं टेम्पोची किल्ली खुंटीला लावली नाही, हातातच फिरवत राहिला.

"दादांनी बोलावलं होतं," तो म्हणाला. "ते मिटवायला तयार आहेत. नोकराची चोरी काढून टाकतील, साधी किरकोळ चोरी ठेवतील. पहिलाच गुन्हा आहे, माल परत केला तर तुरुंगही नाही. महिनाभर सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची. झालं."

"माल परत म्हणजे?"

"ती बारा कलमं."

"ती लोकांच्या परसांत आहेत."

"उपटून द्यायची. काय होतंय?"

दर्शनानं त्याच्याकडे नीट बघितलं. "मी चोरी कबूल केली की कलमं घेतलेल्या त्या बाराजणी चोरीचा माल घेणाऱ्या झाल्या, ठाऊक आहे तुम्हाला? तो वेगळा गुन्हा आहे. मॅडमनी सांगितलंय. आज दादा सोडतील त्यांना. उद्या त्यांच्यापैकी कुणी बागेत मजुरी वाढवून मागितली की काढतील तो कागद बाहेर."

"आणि आपलं काय गो?" संतोष ओरडला. "टेम्पो त्यांचा. ही जमीन त्यांची. कुठे जायचं आपण? आणि एवढं सगळं कशासाठी? त्या मशीननं सांगितलंय ना, तुला आतून वाटतच नव्हतं ते झाड तुझं आहे म्हणून. मशीन काय खोटं बोलतंय?"

"नाही. खरं बोलतंय." ती शांतपणे म्हणाली. "मला कधी काही माझं वाटलंच नाही. वाटू दिलंच नाही कुणी. तुम्हीपण नाही. पण वाटलं नाही म्हणून ते माझं नव्हतं? हे घर तुम्ही बांधलंत. टोपी घालून बघा एकदा. तुमचं येतं का बघू."

संतोषनं किल्ली जमिनीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची सुलभाकाकी परसातून आली. साठीची, तोंडानं फटकळ बाई, पण तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "दर्शना, मी ते कलम उपटून देऊ का गो? आमच्या घरात कधी पोलीस आले नाहीत. पालवी फुटलीय त्याला, बघवत नाही उपटायला. पण तू सांगशील तसं."

"उपटू नका," दर्शना म्हणाली. "पोलीस आले तर माझं नाव सांगा. म्हणा, दर्शनानं स्वतःच्या झाडाची काडी दिली. स्वतःच्या, असंच म्हणा."

"आणि तुला धरलं तर?"

"धरलंच आहे की."

सुलभाकाकी पदर खोचत म्हणाली, "मग मी त्याला आधाराची काठी लावते. वारं सुटलंय."

*

खटला तालुक्याच्या कोर्टात उभा राहिला. दंडाधिकारी वाघधरे हे पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ होते. सरकारी वकिलांचं सगळं म्हणणं टोपीवर उभं होतं. ते म्हणाले, "आरोपीचा स्वतःचा मेंदू सांगतोय की ही वस्तू परकी आहे. परकी वस्तू आहे हे जाणून ती उचलली. यालाच लबाडीचा हेतू म्हणतात."

यंत्राचे तज्ज्ञ डॉ. एकबोटे साक्षीला आले. तरुण, सरळ माणूस होता. समीरानं त्यांना दोनच प्रश्न विचारले.

"डॉक्टर, हे यंत्र मालकी मोजतं का?"

"नाही. आपलेपणाची जाणीव मोजतं."

"एखाद्याला जगात सगळंच आपलं वाटत असेल तर?"

"तर सगळ्याच वस्तूंना लहर वर जाईल. पण तसं सहसा होत नाही."

मग हेमंत साक्षीच्या पिंजऱ्यात आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट थोडं वाईट वाटल्यासारखा भाव होता.

"दर्शना आमच्या घरच्यासारखी आहे," तो म्हणाला. "तिनं मागितलं असतं तर चार काड्या मीच दिल्या असत्या. पण न विचारता नेणं म्हणजे... शिस्त नको?"

"रोप लावलं तेव्हा अप्पा काय म्हणाले होते?" समीरानं विचारलं.

"अप्पा काय, काहीही म्हणायचे. म्हातारा माणूस. 'तुझं झाड' म्हणाले असतील. उद्या समुद्र तुझा म्हणाले असते."

"म्हणजे ते 'तुझं झाड' असं म्हणाले, हे तुम्हाला आठवतंय."

"म्हणण्याला काय अर्थ आहे?" हेमंत म्हणाला.

दंडाधिकाऱ्यांनी खाली बघून काहीतरी लिहून घेतलं.

"शेवटची विनंती," समीरा म्हणाली. "या यंत्रावर फिर्यादी पक्षाचा एवढा भरवसा आहे. मग फिर्यादींनीही ते घालावं. संमती असेल तर."

सरकारी वकील उठून हरकत घ्यायला लागले, पण हेमंत हसून म्हणाला, "घालतो की. मला काय भीती? झाड माझंच आहे." त्यानं तिथल्या तिथे संमतीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी एकबोटे यंत्र घेऊन कोर्टात आले. फोटो दोन्ही बाजूंनी दिले होते आणि दंडाधिकाऱ्यांनी स्वतः तपासून घेतले होते. दालनात सुलभाकाकी आणि गावातल्या आणखी काही बाया बाकावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. संतोषही आला होता, पण दाराशी उभा होता. हेमंतनं टोपी घातली. अर्धा तास फोटो लुकलुकले. मग भिंतीवरच्या पडद्यावर एकेक निकाल उमटायला लागला.

बांधावरचं झाड: स्वकीय. सरकारी वकिलांनी समाधानानं मान हलवली.

हेमंतची गाडी, त्याचं घर, त्याचं घड्याळ: स्वकीय. दुसऱ्या तालुक्यातल्या अनोळखी माणसाचं घर: परकीय. अनोळखी मोटरसायकल: परकीय. यंत्र व्यवस्थित चाललं होतं.

गावातली ग्रामपंचायतीची विहीर: स्वकीय.

बाकावर कुजबुज झाली. दंडाधिकाऱ्यांनी वर बघितलं.

शाळेमागचं गावाचं मैदान: स्वकीय. गोताडांचं दोन खोल्यांचं घर: स्वकीय. दर्शनाची शिवणयंत्राची खुर्ची: स्वकीय.

"ही खुर्ची तुम्ही कधी बघितलीत?" दंडाधिकाऱ्यांनी विचारलं.

"म्हणजे... घरी गेलो की बसतो तिच्यावर," हेमंत म्हणाला. त्याचा आवाज किंचित बदलला होता.

शेवटचा फोटो आला. त्यात कुणाचा चेहरा नव्हता. दोन हात होते, मनगटापर्यंत. मातीनं काळवंडलेले, अंगठ्यावर कापल्याची जुनी खूण, एका रोपावर काडी बसवून प्लास्टिकची पट्टी गुंडाळताना. दर्शनाचे हात.

सगळ्या यादीत सर्वांत उंच गेलेली लहर त्या फोटोची होती. स्वतःच्या चेहऱ्याच्या जेमतेम खाली.

स्वकीय.

हेमंतनं टोपी काढली. जेलनं चिकटलेले केस कपाळावर आले होते. दारापाशी उभ्या असलेल्या संतोषनं मान खाली घातली, आणि मग तो आत येऊन दर्शनाच्या मागच्या बाकावर बसला.

दर्शना उठली. तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"साहेब, त्यांची चूक नाही," ती म्हणाली. "त्यांना तसंच वाटत आलंय, आणि मला उलटं वाटत आलंय. पण कोर्टानं हे वाटणं बघायचं का? मग आमच्यासारखी माणसं जन्मभर चोरच ठरतील, आणि ते काहीही उचलोत, चोर ठरणार नाहीत."

"बसा," दंडाधिकारी म्हणाले. पण रागावले नाहीत.

*

अकरा दिवसांनी निकाल लागला. यंत्राचा अहवाल हेतूचा पुरावा म्हणून धरता येणार नाही, असं दंडाधिकाऱ्यांनी लिहिलं होतं. आपलेपणाची जाणीव ही सवयीची गोष्ट आहे आणि कायदा सवय विचारत नाही, लबाडी विचारतो. आरोपीनं भरदिवसा, राखणदाराला सांगून, उघड्या फाटकातून काड्या नेल्या. त्या लपवल्या नाहीत. झाड तिला दिल्याचे शब्द फिर्यादीनं स्वतः कबूल केले. ते शब्द कायद्यानं पुरेसे होते की नव्हते, हा दिवाणी प्रश्न. पण त्यांवर विश्वास ठेवून वागणारी बाई चोर होत नाही. चोरीच नाही, म्हणून चोरीचा मालही नाही.

सरकारी वकील उठले. "निदान आरोपीनं यापुढे बागेत पाऊल टाकणार नाही असं लिहून द्यावं, एवढी विनंती."

"लिहून द्याल?" दंडाधिकाऱ्यांनी दर्शनाला विचारलं.

"नाही, साहेब."

"मी सक्ती करू शकत नाही. सुटली आहात तुम्ही. पण समजून घ्या, जमीन त्यांची आहे. पुढच्या वेळी प्रश्न वेगळा असेल."

"समजलं. तरी नाही देणार."

बाहेर पडवीत सुलभाकाकीनं तिला मिठी मारली. आनंद दोन दिवसही टिकला नाही. संतोषची नोकरी गेली. आठवड्यात घर रिकामं करायची नोटीस आली. वीस वर्षं राहिलेल्या घराच्या भिंतींवर त्यांचा कागदोपत्री कसलाच अधिकार नव्हता. ती दोघं सुलभाकाकीच्या पडवीत राहायला गेली. संतोष तालुक्याला दुसऱ्याची गाडी चालवायला लागला. रोज पहाटेची एसटी पकडायचा. एकदा तो म्हणाला, "मी कबूल कर म्हटलं होतं. ते धरून बसू नकोस." दर्शना म्हणाली, "धरलेलं नाही." ते पूर्ण खरं नव्हतं, आणि हे त्यालाही कळलं. तरी त्यानं दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि परसातल्या कलमाभोवती दगडांचं आळं करून दिलं.

बारापैकी नऊ कलमं जगली. हेमंतची नोंदणी मात्र पुढे सरकतच होती. एकदा ती झाली, की परसांतल्या त्या नऊ झाडांची काडी विकायलाही त्याची परवानगी लागणार होती.

कार्तिकात एका सकाळी दर्शना समीराच्या कार्यालयात गेली. "मला दावा लावायचाय," ती म्हणाली. "त्यांच्यावर."

समीरानं चष्मा काढला. "ताई, नोंदणीला हरकत मी घेतेच. ती जात कुणी राखली, वाढवली, निवडली, हे आपण मांडू शकतो. पण झाडावरच हक्क सांगायचा म्हणजे दिवाणी दावा. पंधरा वर्षं लागतील. वीसही. हराल कदाचित."

"या वेळी मला कुणी ओढत नेणार नाही ना? मी स्वतःहून जाणार."

"हो. तुम्ही वादी."

"मग चला."

दिवाणी न्यायालयाच्या खिडकीपाशी लांब रांग होती. त्यांचा नंबर आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. खिडकीतल्या कारकुनानं दावा चाळला, एका पानावर बोट ठेवलं आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "मालमत्तेचं वर्णन अपुरं आहे. 'एक आंब्याचं झाड' असं नाही चालत. ओळख पटली पाहिजे. वकीलसाहेब, दुरुस्त करून उद्या आणा."

समीरा काही बोलणार, तेवढ्यात दर्शना पुढे झाली. तिनं दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले.

"उद्या कशाला? आत्ताच सांगते. कोंडशेत गाव, पंपघराच्या पूर्वेला, बांधावर. वय अकरा वर्षं चार महिने. पालवी तांबूस. शेंडा दुसऱ्या वर्षी वादळात मोडला, म्हणून खोडाला कमरेएवढ्या उंचीवर गाठ आहे, तिथून दोन फांद्या फुटल्यात. दक्षिणेकडची जाड."

मागच्या रांगेतली माणसं ऐकायला पुढे सरकली. कारकुनानं तिच्याकडे बघितलं, मग समीराकडे, आणि शेवटी पेन उघडलं.

"एवढं सगळं लिहायचं?"

"अजून बरंच आहे," दर्शना म्हणाली. "लिहा. मी सावकाश सांगते."